मनोऱ्यावर मुकाट बसायचं नाही

— आज वारा अगदी पडलाय, साहेब. बांगडीसारख्या बेटाच्या आतलं पाणी कसं तेलासारखं निपचित, आणि ढग आहे तो एकच, लांब खडकांपलीकडं, नुसता मिरवायला आलेला — म्हणजे तपासणीला दिवस चांगला, मनोरा हलणार नाही. तसा तो हलत नाहीच! वाऱ्यात जरा डुलतो. माडही डुलतो, पण माडाची कुणी तपासणी करतं का? लिहा तुम्ही — पाय चारही शाबूत. दक्षिण टोकाच्या मनोऱ्याला तीनच आहेत म्हणता? तिथला पहारेकरी आळशी. मी कसा, अकरा वर्षं रोज वर जातो, परक्यांच्या मासेमारी बोटी बघतो. मनोरा बाद झाला तर माझी नोकरीही बाद — मग इतर म्हाताऱ्यांत बसून दिवसभर मांडीवर काथ्या वळायचा. नको हो साहेब, माझी मांडी आता तेवढी राहिली नाही.

पायऱ्या? हलवून बघा. पहिल्या चार घट्ट, मीच खोबरेल लावतो. पाचवी — पाचवीचं मला काय ठाऊक? म्हणजे, वय झालं, विसरतो माणूस. वर बाकडं आहे, निळं. दुर्बिणीतून हिरवं दिसतंय? शेवाळ असेल. त्यावर पक्षी बसलाय? असू दे, सोबत होते.

एक मात्र सांगतो — चढताना गायचं. हसू नका. आमच्या किरिबाती बेटांवर माडी काढायला माडावर चढणारा गातोच. खाली झावळ्यांचे आडोसे, वर छप्पर नाही, आत बायका आंघोळ करतात — गाणं ऐकलं की त्यांना कळतं, वर माणूस आहे. मुकाट वर बसतो तो लबाड. ही शेजारीण, नेई तिबेता, तिची विहीर नि आंघोळीचा आडोसा मनोऱ्याला लागूनच. माझा भसाडा आवाज इथं सावलीत बसूनसुद्धा तिला स्पष्ट — नाही नाही, वरूनच गातो मी. वरूनच.

काय, एकही गाणं येत नाही? शाळेतलं? — अहो, थांबा, असे मुके नका चढू! चढलात? बरं, तुमच्या वाटचं मी खालून म्हणतो — साहेब, निदान डोकं तरी खाली घ्या! — झालं. बघितलं तिनं. — अगं ओरडू नकोस, नेई तिबेता, तो मी नव्हे, मी इथं खाली आहे! वर सरकारी माणूस आहे! — काय? मग गाणं खालून कसं? मी खालून गातो नि वर मुकाट माणसं बसवतो म्हणतेस? — साहेब, जरा कान झाका. — अगं, सगळ्या गावासमोर लबाड म्हणवून घेण्यापेक्षा जाऊ दे ती नोकरी! ऐक — गुडघा गेल्यापासून दोन वर्षं मी वर चढलोच नाही, इथंच बुडाशी बसून गातो, दोन वर्षांत तुला वरून कुणी म्हणजे कुणी बघितलं नाही, देवाशपथ!

— बघा, साहेब. आता आडोशावरून डोकं काढलं. काय म्हणतेस?

"म्हणजे बिरिबो, दोन वर्षं मी उगीचच अंगाला कापड गुंडाळून आंघोळ करतेय?"