जोडीतला दुसरा सिनेमा

सुमनवहिनी, मीना, आणि चाळीतल्या माझ्या माणसांनो,

दत्तूदादाच्या शोकसभेत बोलायला उभी राहिले खरी, पण डोळ्यांपुढे तिसऱ्या मजल्याची गॅलरी आहे. मी मटार सोलते आहे आणि शेजारी बसलेला दत्तूदादा सोलतो कमी, खातो जास्त.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. खाली गिरगावच्या रस्त्यावर घोषणा. दादा तेव्हा मारामारीच्या सिनेमांत घोड्यावरून पडायचा. हीरोच्या वाट्याचं पडणं त्याचं.

त्या संध्याकाळी त्याने इंग्रजी पेपरातलं कात्रण आणलं. चाळीत इंग्रजी काहीही आलं, तार असो की औषधाची चिठ्ठी, की ते कॉन्व्हेंटातल्या मुलीकडे, म्हणजे माझ्याकडे यायचं.

"बेबी, आपल्या पिक्चरचं आलंय. 'बी पिक्चर' म्हणजे काय गं?"

मला ठाऊक नव्हतं. पण नाही कसं म्हणू? शाळेच्या प्रगतिपुस्तकात ए म्हणजे हुशार, बी म्हणजे त्याखालचे. तेच सांगितलं. "हलक्या दर्जाचा, दादा."

"म्हणजे आमचा दत्तू पडण्यातसुद्धा दुसरा!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

तोही हसला. मग खिशातून सिनेमाच्या पासांची चळत काढून माझ्या हातात ठेवली. साऱ्या चाळीला न्यायचं होतं त्याला. "फाडून टाक," म्हणाला. त्यानंतर त्याने कुणाला आपला सिनेमा दाखवला? मीना, तू त्याची लेक, तुला तरी?

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं. अमेरिकेत मंदीच्या दिवसांत थिएटरवाले एका तिकिटात दोन सिनेमे दाखवू लागले. एक मोठ्या नटांचा. जोडीला दुसरा, कमी खर्चात, झटपट केलेला. तो बी. जोडीतला दुसरा, एवढंच. हलकेपणाचा शिक्का लोकांनी मागाहून मारला. आणि गॅलरीत मी.

हे दादाला सांगितलं? नाही. दर गणपतीत तो आग्रहाने मोदक वाढायचा. दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण मग "चुकले" म्हणावं लागलं असतं. तेवढं जमलं नाही.

दादा, चुकले रे.

आता दोन मिनिटं त्याच्यासाठी शांत उभे राहू. नंतर एक काम करा. ते पास मी फाडले नव्हते. प्रत्येकावर दादाच्या अक्षरात नाव आहे. ज्याचा त्याने न्यावा, गेलेल्यांचा त्यांच्या मुलांनी. कात्रण मीनाला, मागे खरा अर्थ लिहिला आहे.

एका पासावर 'बेबी' आहे. तो सुमनवहिनींकडे देते. मला द्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवावं.