वहीतली वाक्यं आमच्या घरची

दि. ०९/०९/२०२४, सकाळी ११.४० वा.

मी, श्रीमती अंजनाबाई नत्थू खोब्रागडे, वय ४९ वर्षे, धंदा कळमना बाजारात मिरचीचे देठ खुडण्याची मजुरी, शिक्षण दुसरी, रा. पारडी, नागपूर. आज खाडा करून पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व मुलगी मोनाली, वय २४, अशा दोघी राहतो. पती नत्थू त्याच बाजारात हमाली करत. पाच वर्षांपूर्वी वारले. मोनाली दोन वर्षे हर्षित लांजेवार यांच्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासमध्ये शिकवत होती. जुलैमध्ये तिने ते काम सोडले. ऑगस्टपासून ती वस्तीतल्या विहारात दर रविवारी दुपारी चार वाजता बायांना इंग्रजी शिकवते.

काल ती शिकवत असताना हर्षित लांजेवार तिथे आले. मी मागे बसले होते. चौदा बायांसमोर ते म्हणाले, "ही वही माझ्या क्लासची आहे. हिने चोरून आणली." तिच्या हातातून वही ओढून घेतली आणि इथे येऊन ती जमा करून चोरीची तक्रार दिली. कालपासून मोनाली जेवली नाही. हे लिहायची गरज नाही म्हणता, पण लिहा.

वही कशी झाली ते सांगते. इंग्रजीत दिसायला बहिणी-बहिणी असे शब्द आहेत, अर्थ मात्र निराळे. संध्याकाळी मी भाकरी टाकत असताना मोनाली एकेक जोडी मला समजावून सांगे. मग मी आमच्या घरचं वाक्य द्यायचं. मला जमलं तर ते वहीत, नाही जमलं तर काट. ती म्हणे, "तुले समजलं ना आई, तं मी कोनालेबी शिकवू शकते."

हार्ड म्हणजे जोर लावून, हार्डली म्हणजे जवळपास नाहीच. मी म्हटलं, "नत्थू हार्ड काम करे. हार्डली बोले." ती हसली, लिहिलं. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. "उमरेडची एसटी लेट आली. लेटली माहे गुडघे दुखून राहिले." तेही लिहिलं. नियर म्हणजे जवळ, नियरली म्हणजे होता होता राहिलं. मी म्हटलं, "दवाखाना नियर होता. नत्थू नियरली वाचला." तिने पेन खाली ठेवला. मी म्हटलं, "काहून थांबली वं? लिही." तिने लिहिलं. त्या दिवशी पुढची जोडी घेतली नाही.

आज हवालदार मधुकरराव यांनी वही उघडून ही वाक्यं मोठ्याने वाचली. हर्षित लांजेवार यांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, उदाहरणात कोणतंही नाव टाकतात, हे सगळं मीच लिहून दिलं होतं. मी विचारलं, "मंग सांग ना गा, नत्थू कोन? कोनत्या दवाखान्यात नेला होता त्याले?" त्यांनी मोबाईल पाहिला. नंतर म्हणाले, "बाई, पोरीला क्लासमध्ये परत पाठवा, मी तक्रार मागे घेतो."

मी म्हटलं, "कागद मागं घेशीन, चोर म्हटलं ते कसं मागं घेशीन? येत्या रविवारी चारले विहारात ये. त्याच चौदा बायांसमोर सांग, वही मोनालीची हाय." मला तडजोड मंजूर नाही.

मधुकरराव सांगतात की चौकशी पूर्ण होईपर्यंत वही इथेच जमा राहील. ठेवा. पावती द्या. रविवारचा वर्ग बंद राहणार नाही. जाताना नवी वही घेऊन जाते. वाक्यं मला तोंडपाठ आहेत. मी सांगेन, मोनाली लिहील. नत्थूची आधी.

हा जबाब मला वाचून दाखवला. पहिल्यांदा घाईत वाचला म्हणून परत सावकाश वाचायला लावला. मी बोलले तसाच उतरला आहे. खाली सही करते.

(सही) अंजनाबाई नत्थू खोब्रागडे