त्याचं पहिले होऊ दे

नाई नीलम, सोपी कोणतीच भाषा नसते — बस ना, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडला आहे. मूर्तिजापूरवरून आली ना तू? तर तुह्या नवऱ्याले, धर्मेंद्रले, कॅनडाले जायाचं, त्याच्यासाठी फ्रेंच पाह्यजे. येईन ना त्याले, काहून नाई येणार? फक्त आपल्या अमरावती-अकोल्याच्या पोरायची एक खोड आहे — आपण 'जेवतो आहे' नाई म्हणत, 'जेवून राहिलो' म्हणतो, तर ते फ्रेंचमधेही 'राहणं' शोधतात अन् ठेवून देतात. ऐकणाऱ्याले वाटते, याले राह्याले जागा पाह्यजे. स्वप्निल — माहा नवरा — तोही तेच करे. अन् भूतकाळ आला की रडकुंडीलेच ये. 'खाल्लं', 'पाह्यलं' याले एक मदतीचं क्रियापद लागते, 'गेला', 'आला', 'मेला' याले दुसरं — कोणाले कोणतं, हे काही त्याच्या डोक्यात बसे ना. मी भाकरी थापता थापता विचारो, तो ओट्याजवळ उभा राहून सांगे — वर्षभर असंच. अन् मी परीक्षा काहून नाई देल्ली? तुह्यासारखंच म्हटलं ना मी — त्याचं पहिले होऊ दे, एकाच्या फाइलवर दुसऱ्याले जाता येते. सासूबाईही म्हणे, बाईनं कायले पुढे पळा लागते.

गेला ना, मॉन्ट्रियलले. नाई, मले अजून नाई बोलावलं — फाइल चालू आहे म्हणते. फोनही आता कमीच करते, तिथी काम भल्लं असते, थंडी असते — असं पाहू नको माह्याकडे. दिवाळीले मीच लावला फोन. एका बाईनं उचलला. इतके वर्षं शिकवून राहिली मी, पण तिकडच्या बाईचं खरं बोलणं पयल्यांदा ऐकलं — अन् सांगू, सगळं समजलं मले, एक शब्द सुटला नाई. तो अंघोळीले गेला, म्हणे. मंग तिनं विचारलं, तुमी कोण? पयल्या धड्यातला प्रश्न आहे तो, माह्या क्लासचे पोरं झोपेत उत्तर देतात. मी फोन ठेवून देल्ला.

म्हणून म्हणते, तूही बस त्याच्यासंग. दोघं या — काय? स्वयंपाक कोण करीन?

हो. तेही आहेच.

बरं, त्याचंच नाव लिहिते. सोमवारी पाठव त्याले. जाय आता, पोरं आले माहे.