फसलेल्या फराळाची दिवाळी

मित्रहो, मायबहिणींनो,

रोज मी या जिनिंग कारखान्यात कापसाचा भाव विचारायला येतो आणि पाच मिनिटांत बातमी घेऊन निघतो. आज भाव विचारायचा नाही आणि निघताही येत नाही. व्यापारी, ऑफिसातले बाबू, फिटर, कापूस निवडणाऱ्या बाया, सगळे एकाच सतरंजीवर बसला आहात. ही किमया कुसुमताईंनाच जमायची. आजही त्यांनीच केली आहे.

वार्ताहर म्हणून मी दिग्रसातल्या कितीतरी माणसांच्या निधनाच्या चार ओळी लिहिल्या. हात कधी थांबला नाही. आज जीभ मात्र अडते आहे. सांभाळून घ्या.

दसरा आटोपला, कापसाच्या पहिल्या गाड्या गेटवर लागल्या, आणि आपल्या हेडक्लार्क कुसुमताई गेल्या. आजारी पडल्या नाहीत. हंगामात आजारी पडणं त्यांना मंजूर नव्हतं.

त्या मला पंडितजी म्हणायच्या. मी संस्कृत शिकलो, हा अपराध त्यांनी कधी माफ केला नाही. भर ऑफिसात विचारायच्या, "पंडितजी, इतकं शिकून शेवटी सरकीचाच भाव लिहून राह्यले ना तुम्ही?" मी वही उघडून सरकीचा भाव लिहून घ्यायचो.

आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. बाहेर नोटीसबोर्डावर कागद लागला आहे: यंदा दुःखामुळे ऑफिसची दिवाळी होणार नाही. खाली आपले मॅनेजर इंगळेसाहेब यांची सही आहे. साहेब, तुमच्या मनातला आदर मी जाणतो. पण तुम्ही नवे आहात. कोणती दिवाळी रद्द केलीत, ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून ऐका.

आपल्याकडे दिवाळीत कापूस येत असतो, म्हणून लांब सुट्टी नाही. दिवा लावता येत नाही, फटाका तर दूरच. काडेपेटी गेटवरच काढून घेतात. असायचा तो फक्त शेठजींकडून येणारा मिठाईचा डबा. एका मंदीच्या वर्षी तोही आला नाही. मग ठरलं, वर्गणी नको, ज्यानं त्यानं घरून थोडा थोडा फराळ आणायचा. कल्पना उत्तम होती. दिवाळी बिघडली ती तिच्यामुळेच.

कोणी साजूक तुपातले लाडू आणले. कोणी काजू पेरलेला चिवडा आणला. वाहवा सुरू झाली. आणि या सुमनबाई, आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्या डबा मांडीवर घेऊन, वर पदर ओढून बसून राहिल्या.

"काहून वो सुमन, उघड ना."

"राहू द्या ताई. नुसती शेव हाये. तेबी मोडली."

कुसुमताईंनी आपला डबा उघडला. आत अनारसे होते. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. अनारसा तळताना फुटून पसरला की बाया म्हणतात, अनारसा हसला. हे अनारसे खदाखदा हसले होते.

"पाहून घ्या," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या सालापासून कायदा. चांगलं झालं ते घरी पाहुण्यांले ठेवा. फसलं तेच इकडं आणायचं. ज्याचं सगळ्यात जास्त फसलं, त्याले पहिला मान."

सुमनबाईंनी डबा उघडला. सगळ्यात आधी त्याच डब्याचा तळ दिसला.

त्यानंतर इथं कोणी डबा झाकून बसलं नाही. सांगा, बसलं का? मोडका लाडू साहेबांच्या घरचा की फिटरच्या घरचा, कोण ओळखणार? विकतचं चालायचं नाही, कारण दुकानातलं फसत नाही. मागच्या मॅनेजरसाहेबांच्या घरी सगळंच उत्तम व्हायचं, त्यामुळे ते बिचारे दिवाळी आली की काळजीत पडायचे. शेवटी स्वतः करंज्या करायला बसले आणि पहिला मान घेऊन गेले. आपले पूर्वज सहाच रस सांगून गेले. सातवा, करपलेला रस, त्यांच्या नजरेतून सुटला. तो या आवारात सापडला.

मला वर्षानुवर्षं एक संशय होता. वाटायचं, ताई घरी अनारसे सुरेख करत असणार आणि आपली लाज राखायला इथं मुद्दाम बिघडवून आणत असणार. परवा इथं बसलेल्या मधुकररावांना, ताईंच्या यजमानांना, भेटायला गेलो, तेव्हा विचारलं, "घरी चांगले व्हायचे ना हो?"

ते म्हणाले, "नाही पंडितजी. घरी याहून कडक."

हसा, हसा. त्या असत्या तर त्याच आधी हसल्या असत्या.

काल कोणी सुचवलं, दिवाळी करायचीच तर ताईंच्या स्मरणार्थ यवतमाळहून शुद्ध तुपातली मिठाई मागवू. मंडळी, याला श्रद्धांजली म्हणत नाहीत. याला सूड म्हणतात.

आता मुद्द्याचं. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ इतरांनी पोचवायचा, ही आपली रीत. मधुकररावांच्या घरी ताटं जातील, चांगली जातील. पण ते मला म्हणाले, "लोकं देतीन हो चांगलंचुंगलं. मले तिच्या हातासारखं कोण देईन?"

मधुकरराव, तुमचं उत्तर या सतरंजीवर बसलं आहे. तिच्यासारखं बिघडवणारे इथं पुष्कळ आहेत. तिनंच तयार केले.

म्हणून इंगळेसाहेब, सभा संपली की तो कागद काढा, आणि या वर्षी घरून तुमचाही डबा येऊ द्या. सुमनबाई, तुमची मोडकी शेव हवीच. आणि मधुकरराव, ताट तुमच्या घरी येणार नाही. तुम्ही इथं यायचं, ताईंच्या खुर्चीत बसायचं. पहिला मान यंदा तुमचा, कारण यंदा सगळ्यात जास्त तुमचंच बिघडलं आहे. मान हलली. मी ती होकारार्थी धरतो.

आता उभे राहू या.

दरवर्षी पहिला मान ठरवण्याआधी सगळ्यात कडक चकली कुसुमताई स्वतः दाताखाली धरायच्या. डोळे मिटायच्या. आणि आख्खं जिनिंग श्वास रोखून ऐकायचं, आधी चकली मोडते की दात. तुमच्याकडून मी तेवढीच शांतता मागतो. अगदी तशीच.

फक्त शेवटचा तो कडाड आवाज आज येणार नाही. तो दिवाळीला येईल, मधुकररावांच्या दाताखालून.

कुसुमताई, नमस्कार.