एका कुपीतले दोन वाण

कालिना : नाही आजोबा, चूक आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची नाही. तीनदा तपासलं. एकाच जुन्या पेटीतल्या सहा कुप्या होत्या, सहाही कुप्यांत तेच.

स्तामेन : तेच म्हणजे काय?

कालिना : लेबलवर देवीच्या लशीचा एकच वाण लिहिलाय, तुमच्या संस्थेचा. आत दोन आहेत. वासराच्या कातडीवर वाढवलेली लस कधीच एकजिनसी नसते, थोडाफार फरक असायचाच. पण हे भावाभावांमधलं अंतर नाही. हे घराणंच वेगळं आहे. आणि जास्त जहाल.

स्तामेन : कुठल्या सालची पेटी?

कालिना : सहासष्ट. मार्च.

स्तामेन : दार लोटून घे, पोरी.

कालिना : आजी बाहेर कपडे वाळत घालतायत.

स्तामेन : म्हणूनच लोट.

कालिना : तुम्हाला माहीत होतं?

स्तामेन : माहीत? मीच केलं ते. त्या हिवाळ्यात आमच्या लशीच्या बियाण्याचा दमच गेला होता. वासराचं पोट भादरायचं, ओरखडे काढायचे, बियाणं चोळायचं. पाचव्या दिवशी पोट फोडांनी भरायला हवं, त्यांतूनच लस निघायची. आमच्या वासरांना मोजून चार फोड, तेही खरजेसारखे. आणि वरून रोज फोन, लस कुठाय, लस कुठाय. साहेबांच्या कपाटात परदेशातून आलेल्या बियाण्याची एक नळी पडून होती. वापरू नये, असं लाल अक्षरांत लिहिलेलं. मी ती आमच्या बियाण्यात मिसळली. वासरं अशी फुलली म्हणून सांगू! साहेबांनी पाठ थोपटली माझी.

कालिना : त्यांनी विचारलं नाही, कसं झालं म्हणून?

स्तामेन : त्यांना विचारायचंच नव्हतं.

कालिना : मला हे लिहावं लागेल, आजोबा. तुमचं नाव घालणार नाही.

स्तामेन : नाव घाल, नाहीतर घालू नकोस. आमच्या ल्यूबेनला पाहिलंस ना अंगणात?

कालिना : हो. मघाशी माझा हात सोडतच नव्हते.

स्तामेन : चौदा महिन्यांचा होता. नुकता चालायला लागलेला, मला ‘ताता’ म्हणायचा. त्या पेटीतली एक कुपी मी घरी आणली. आपल्या हातची लस, आपल्याच पोराला आधी. त्याच्या देवी मीच काढल्या. नवव्या दिवशी ताप, मग झटके. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून आणला, तो असा.

कालिना : आजोबा, मेंदूला सूज शुद्ध वाणानंही यायची. कुठल्याही देशात, लाखात एखाद्याला. तुमच्या त्या नळीमुळंच झालं, असं कोणी सांगू शकत नाही.

स्तामेन : तिच्यामुळं झालं नाही, असं सांगशील?

कालिना : नाही. तेही नाही सांगता येणार.

स्तामेन : बघ. त्रेपन्न वर्षं मी असा मधल्यामधे लटकतोय. आणि हे तर काहीच नाही. त्याच्या आईला, झ्लाताला वाटतं, तिनंच केलं. त्याच आठवड्यात ती त्याला घेऊन नदीवर गेली होती, सतरंज्या धुवायला. बोचरं वारं होतं. माझी आई गावासमोर तिला म्हणाली, पोराला थंडी लावलीस, त्याचं वाटोळं केलंस. मी शेजारीच उभा होतो. गप्प.

कालिना : पण पुढं कधीतरी...

स्तामेन : आधी नोकरीची भीती. मग साहेब गेले, आई गेली. तोवर आमच्या घरात ते कायमचं ठरून गेलं होतं. झ्लाता! ए झ्लाता, आत ये जरा!

कालिना : नका आजोबा, आज नको. मी निघाल्यावर शांतपणे सांगा.

स्तामेन : तू थांब. तू गेलीस की माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटेल.

झ्लाता : काय झालं बोंबलायला? पोरीला कॉफीसुद्धा विचारली नसेल यानं. नुसतं वासरांचं पुराण लावलं असेल.

स्तामेन : बस. ल्यूबेनला थंडी बाधली नव्हती.

झ्लाता : म्हणजे?

स्तामेन : मी लशीत दुसरं बियाणं मिसळलं होतं. जहाल. त्यातलंच त्याला दिलं. आई तुला बोलली, तेव्हा मला हे माहीत होतं.

(झ्लाता कालिनाकडे वळते.)

झ्लाता : पोरी, हा म्हातारा भ्रमला असेल. तू सांग.

कालिना : लशीत दोन वाण होते, आजी. एवढं खरं आहे. ल्यूबेनकाकांना त्यातल्या कशानं झालं, ते आता कळणार नाही. कधीच नाही.

झ्लाता : आणि नदी?

कालिना : नदीचा काही संबंध नाही.

झ्लाता : वारं फार होतं गं.

कालिना : वाऱ्यानं असं होत नाही, आजी.

झ्लाता : थोडंसुद्धा नाही?

कालिना : थोडंसुद्धा नाही.

स्तामेन : झ्लाता, शिव्या दे मला. काहीतरी बोल.

झ्लाता : ल्यूबेन तीन वर्षांचा असताना मी रुसे शहरात गेले होते. बहिणीकडे.

स्तामेन : हो. तिची तब्येत बरी नव्हती म्हणून.

झ्लाता : ती ठणठणीत होती. मला दिवस गेले होते, स्तामेन. ते पाडायला गेले होते. आणखी एक लेकरू या हातांत द्यायची माझी हिंमत झाली नाही.