कोयीच्या खेळात बाद

झोम्बाला जाणारी मिनीबस भरेपर्यंत हलत नव्हती. वाळक्या मासळीची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या नाफोलोच्या कानावर पुढच्या बाकावरच्या दोघी बालवाडी-शिक्षिकांचं बोलणं पडू लागलं.

"नापास? तू, एनेलेसीताई? वीस वर्षं पोरं शिकवतेस की!"

"माझ्याच खेळावर नापास केलं गं! आंब्याची कोय हातोहात फिरवायची. गाणं थांबलं की ज्याच्या हातात कोय, ते पोर माझ्या मांडीवर बसून पुढचं गाणं सुरू करतं. पदवीच्या पेपरात तसंच लिहिलं, तर सरांनी लाल शाईनं खोडलं. 'चूक. ते मूल बाद होतं.'"

"असं कोण म्हणतं?"

"सरांचं पुस्तक! माझ्याच चटईवर बसून खेळ टिपून घेतला, अन् गाणं थांबायच्या आधीच मक्याचा न्सिमा खायला उठून गेला. पुढचं बघितलंय कुठं त्या शहाण्यानं!"

"फेरपरीक्षेत 'बाद' लिहून मोकळी हो बाई. पदवी नसली तर वर्ग काढून घेतील तुझा."

"लिहीन की. पण मग त्याला बोलावून वर्तुळात बसवते, अन् कोय त्याच्या हातात गेली की गाणं थांबवते. सगळ्या पोरांसमोर विचारते, 'बोला सर, बाद होताय की मांडीवर येताय?'"