सोसायटीपुढची चूल

पुतळाबाई : नाव पुतळाबाई हाय म्हणून खरंच पुतळा करतूस व्हय माझा, बलभीम?

बलभीम : मावशी, हसू नका. हात थांबला की बोटांची ठेवण कळत नाही मला. थापा, चूल पेटलीय.

पुतळाबाई : थापते बाबा. पर सोसायटीच्या नव्या गोदामापुढं बैलजोडी शोभली असती. न्हाय तर उसाची मोळी. भाकर थापणारी बाई कुणी बसवतं का चौकात?

बलभीम : चेअरमन म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळाची आठवण ऱ्हाईल असं काहीतरी कर. मला मिलोची भाकर आठवली.

पुतळाबाई : नाव नगं काढूस! रेशनचा तांबडा जोंधळा. थापाय गेलं की चिरायची मेली. पाझर तलावावर खडी फोडायची अन् दुपारी तीन दगडांवर तवा ठिवायचा. कुणाला इचारलं न्हाय तवा, कोण कुठल्या वाड्यातला.

बलभीम : तेच करतोय. सळया बांधून झाल्या. आता सिमेंट चढवलं की तुमचा चेहरा.

पुतळाबाई : चेअरमन तर म्हणले न्हवं, चेहरा नगं, पदर खाली वढ म्हणून?

बलभीम : म्हणाले. बौद्धवाड्यातली बाई वळखू आली तर गाव बोलंल म्हणे. मी पदर ओढणार नाही. काम सोडीन.

पुतळाबाई : येडा हायस का? औरंगाबादेत शिकून आलास, पयलंच काम हाय तुझं. माझ्या तोंडापायी... गप, कमलबाई आल्या. चेअरमनच्या मालकीण.

(कमलबाई सळयांच्या सांगाड्याभोवती एक फेरी मारतात.)

कमलबाई : काय रं, पदर वढायचा ठरला का?

बलभीम : नाही, काकू.

कमलबाई : बरं केलंस.

पुतळाबाई : बाई, घरात भांडण लागंल तुमच्या.

कमलबाई : लागून गेलं सकाळीच. म्हणलं, आपल्या हिरी आटल्या तवा दोघं बी खडी फोडाय हुतो तलावावर. पुतळाच्या तव्यावरची भाकर मागून खाल्ली तुमी, आमटी-कोरड्यासाला बी थांबला न्हाय. आता खुर्ची आली तर तिचं तोंड झाकाय निघाला?

बलभीम : मग काय म्हणाले?

कमलबाई : तंबाखू मळाय घेतली. मग म्हणले, एकटी तीच का, असं लोक इचारतील. म्हणलं, मग दोघी बसवा. कर तुला काय करायचं ते, म्हणले.

बलभीम : दुसरी कोण, काकू?

कमलबाई : मी. माझं बी तोंड घे, जसं हाय तसं.

पुतळाबाई : अगं बाई! अन् कुणी इचारलं, चूल कुणाची, भाकर कुणाची, तर?

कमलबाई : चूल तुझी, भाकर तुझी. मी हात पुढं करून बसलेली.

बलभीम : बसा मग, काकू. हात असाच धरा. हलवू नका.

पुतळाबाई : रिकामा हात किती येळ धरतील त्या? घ्या बाई. सांभाळून, गरम हाय.